दोन बोटं आत ठेवलेलं कापड

बोलतेय ती मी, कात्री. पण जरा थांबा. दुधाची पिशवी कापणारी ती प्लॅस्टिकच्या मुठीची नव्हे, आणि मिशा कातरणारी चिमुरडीही नव्हे. मी शिंप्याची कात्री आहे. वीतभर लांब पाती, काळ्या मुठी, आणि वजन असं की नवख्याचं मनगट दोन दिवस दुखावं.

मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगणार आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाने चालले. आता थोडं माझ्या मापाने बोलू द्या.

माझ्या दोन्ही पाती एकाच सळईच्या. लोहाराने ती सळई मधोमध तोडली, दोन्ही तुकडे तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले, आणि मग एक खिळा ठोकून पुन्हा एकत्र केले. तोडायचं आणि परत जोडायचं, हा कुठला रिकामा उद्योग, असं मला तेव्हा वाटलं होतं. शिंप्याच्या घरी आले तेव्हा कळलं, की अख्खा धंदाच तो आहे.

मला विकत घेणारा शिंपी म्हातारा होता. त्याने माझ्याने ओलं फडकं कापून पाहिलं, कानाशी धरून उघडमीट केली, आणि म्हणाला, "बोलते बरी." तेव्हापासून मी बोलतेच आहे, ऐकणारे कमी पडले एवढंच.

त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याला एकच मुलगी. शाळा तिने लवकर सोडली, किंवा शाळेने तिला सोडली, दोन्ही बाजूंनी फारसं रडणं झालं नाही. मास्तरच्या पायाशी बसून, खाली पडणाऱ्या चिंध्यांवर ती शिकली. पहिल्यांदा मला हातात घेतलं तेव्हा तिचा अंगठा माझ्या कडीत गोल फिरत होता, एवढा बारीक.

मास्तरने तिला तीन गोष्टी सांगितल्या. कात्रीने कागद कापायचा नाही, धार मरते. कात्री खाली पाडायची नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा ठेवायचं. शिंपी त्याला मार्जिन म्हणतात. बाहेरून दिसत नाही, कुणी वाखाणत नाही, पण माणूस जाड झाला की शिवण उसवून कपडा सैल करता येतो.

"आणि बारीक झाला तर?" पोरीने विचारलं होतं.

"तर आत घ्यायचं. कापून मात्र टाकायचं नाही. माणूस काही एका मापावर थांबून राहत नाही, पोरी."

मास्तर गेल्यावर मी तिच्याकडे आले, आणि मास्तर हे नावही तिच्याकडे आलं. गल्लीने तिला मास्तरीण केलं.

तिचं लग्न झालं ते एका बस चालवणाऱ्याशी. धिप्पाड माणूस. दारातून आत यायचा तर आधी खांदा, मग बाकीचा. त्यालाही तिला मास्तरीणच म्हणायची खोड लागली. ती त्याला "अहो" म्हणायची आणि चिडली की "ड्रायव्हरसाहेब".

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान होतं. खिडकीशी एक मशीन, भिंतीला कापायचं टेबल, खिळ्यावर मी. मला ते दिवस आठवतात. दिवसाला एखादा कपडा कापला जायचा. मग ती टाके घालायची, मी पडून असायची, आणि समोर माप द्यायला येणारी माणसं बघायची.

माणूस किती खोटं बोलतो ते टेपसमोर कळतं. तोंडाने नव्हे हो, पोटाने. शाळेचा पहारेकरी यायचा. पोट एवढं आत ओढायचा की डोळे बाहेर यायचे. मास्तरीण टेप धरून नुसती उभी राहायची आणि गप्पा मारायची. "मुलगी कशी आहे? जावई काय म्हणतोय?" बोलायला श्वास सोडावाच लागतो. पोट जागेवर आलं की ती आकडा टिपायची. म्हातारी माणसं जुनंच माप सांगायची, "तेच आहे हो, काही बदललं नाही." ती म्हणायची, "नसेल बदललं. पण मी बघणार." आणि बघायचीच. न मोजता तिने कधी खडू उचलला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एके दिवशी ड्रायव्हरसाहेब काखेत गुंडाळी मारून आले. त्यांच्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ लोकरी कापडाचं जुनं दुकान बंद होत होतं, तिथला शेवटचा तुकडा. राखाडी रंग, त्यात बोटाच्या अंतराने एक निळी रेघ. जड, ऊबदार कापड. मी पुष्कळ कापडं पाहिली आहेत, उगीच कौतुक करत नाही. पण ते कापड टेबलावर पसरलं तेव्हा माझ्या पातीला शिवशिवलं.

"कोट शिव माझा," ते म्हणाले. "चांगला गुडघ्यापर्यंत. माझ्या बसची खिडकी काही केल्या लागत नाही, सगळं वारं माझ्याच छातीत शिरतं."

तिने लगेच माप घेतलं. छाती बेचाळीस. टेप पुरवण्यासाठी तिला त्यांच्याभोवती हात घालावे लागले, आणि मग ते हात जरा वेळ तिथेच राहिले. मी भिंतीकडे पाहिलं.

जाता जाता ते म्हणाले, "निवांत शीव. घाई नाही."

बाई, नको ते वाक्य बोलले. घरातल्या माणसाने असं म्हटलं, की त्याचा नंबर कायमचा शेवटचा लागतो.

त्याच महिन्यात गठ्ठेवाला आला. तो शाळांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवून घ्यायचा. कापडाचे गठ्ठे टाकून जायचा आणि ठरल्या दिवशी शर्टांचे गठ्ठे उचलून न्यायचा. गोड बोलायचा. "मास्तरीणबाई, तुमच्यासारखा हात नाही." आम्हां दोघींना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिला गठ्ठा मीच कापला, आणि मिरवत कापला.

गठ्ठा संपला की दुसरा यायचा. पुढची खोली पुरेना. चौकाच्या पलीकडे एक लांबलचक हॉल घेतला. एकाच्या सहा मशीन झाल्या, शिवायला बायका आल्या. मास्तरणीची लेक कॉलेज संपवून कामात आली. पोरगी हुशार, तडफदार, आईच्याच मुशीतली. तिने विजेची कापायची मशीन आणली. एका दमात चाळीस शर्ट कापायची ती बया. घुर्रर्र करून फिरली की संपलं.

मला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तुटकी बटणं, गंजलेल्या टाचण्या आणि एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट, असा शेजार. कधी बाहेर काढलं तर खोक्याची पट्टी कापायला. आणि मग तो दिवस उजाडला. लेकीने घाईघाईत मला घेतलं आणि शर्टांना लावायच्या कागदी चिठ्ठ्या कापल्या. कागद! मास्तरीण समोरच होती. तिने पाहिलं. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून काही बोलली नाही.

तोंडात टाचण्या हेच मग तिचं उत्तर झालं. कुणी काही विचारलं की "हं." जेवलीस का? हं. बरं वाटतंय का? हं. गठ्ठेवाल्याने सांगितलं, आतलं दोन बोटं कापड वाया जातंय, नखाएवढं ठेवा. त्यालाही "हं." माझ्या मास्तरचा तिसरा शब्द असा हॉलमधून निघून गेला, आणि मी ड्रॉवरात होते.

ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले. घरी बसून स्वयंपाक शिकले. रोज दुपारी डबा घेऊन हॉलवर यायचे. त्यांचा आवाज मी आतून ऐकायची.

"गरम आहे, खाऊन घे."

"ठेवा तिथे."

"मी थांबतो तोवर."

"कशाला थांबता? जा तुम्ही, पडा जरा."

ते थोडा वेळ उभे राहायचे. मग चपला ओढत गेल्याचा आवाज यायचा. पहिल्या वर्षी तो आवाज जड होता. पुढे पुढे हलका होत गेला. मी लोखंड आहे, मला वजन कळतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कोटाचं ते कापड आल्यापासून कपाटाच्या तळाशी होतं. दरवर्षी थंडी आली की ती म्हणायची, "हा हंगाम संपू दे." हंगाम संपत नसतो. एक संपला की दुसरा तयार असतो. असे अकरा हिवाळे गेले.

बाराव्या हिवाळ्यात, डबा ठेवताना ते म्हणाले, "मास्तरीण, शनिवारी संध्याकाळी डेपोतली जुनी मंडळी जमणार आहेत. तो कोट... झाला तर बरं होईल. नाही झाला तरी चालेल."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मागितलं होतं माणसाने, आणि तेही अर्धं परत घेऊन.

"करते," ती म्हणाली. यावेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

गुरुवारी दोन गठ्ठ्यांच्या मधे तिने ते कापड आणलं. विजेच्या मशीनवर एकटा कोट कापता येत नाही, म्हणून ड्रॉवर उघडला आणि मला घेतलं. किती वर्षांनी तो अंगठा माझ्या कडीत आला! अंगठा आता जाड झाला होता, सांध्यात सुजला होता. मला कडीत आवळून धरल्यासारखं झालं.

"अहोंचं माप?" लेकीने विचारलं. ती घाईत असली की बाबांना असंच म्हणायची, आईची नक्कल करत.

"आहे वहीत."

वही उघडली. छाती बेचाळीस. खडू चालायला लागला.

मला घाम फुटायचा बाकी होता. न मोजता! पण मी बोलणार कशी? माझं बोलणं कापडाच्या आत.

पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले. बाह्यांसाठी कापड घडी घालून दुहेरी कापलं, की एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते. पण घडीला कापड पुरेना, म्हणून तिने ते एकेरी पसरलं. एकेरी कापडावर दुसऱ्या बाहीच्या वेळी पुठ्ठ्याचा नमुना पालथा घालावा लागतो. शिकाऊ पोरीलाही हे माहीत असतं. तिने डावी बाही कापली. मागून गठ्ठेवाल्याचा फोन आला. खांद्यावर कान दाबून ती बोलत राहिली आणि नमुना तसाच, न उलटता, पुढे सरकवला.

मी अडले. खरंच सांगते, मी अडले. कागदाने धार गेली होती हे खरं, पण मी मुद्दामही अडले. कापड चावून धरलं.

"मेली बोथट झालीय," ती म्हणाली, आणि जोर लावून मला पुढे रेटलं.

शनिवारी दुपारी डबा घेऊन ते आले तेव्हा, रात्री डुलक्या घेत शिवलेला कोट तयार होता. सगळ्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या. त्यांनी डावा हात घातला. गेला. उजवा घातला, आणि तो पुढे यायचा तर मागे वळला, कोपराशी सगळं कापड पिळलं गेलं. दोन्ही बाह्या डाव्या!

एक बाई फिसकन हसली. मग लेक हसली. मग ते स्वतःच हसले. तो हात तसाच मागे धरून म्हणाले, "बरं झालं. मागून कुणी उतरायला बेल मारली, तर आता वळावं लागणार नाही."

हॉल हसून हसून लोळला. मास्तरीण हसली नाही. ती बाहीकडे बघतच नव्हती. कोटाकडे बघत होती. बेचाळीसचा कोट त्यांच्या खांद्यांवरून असा लोंबत होता, जसा खुंटीवर टांगलाय आणि आत कुणी नाही.

तिने गळ्यातला टेप काढला. सहा मशीन चालवणारी, दिवसाला पन्नास परक्यांची मापं वहीत लिहिणारी ती बाई नवऱ्याजवळ गेली आणि कोटाच्या आत टेप घातला. हात सहज पलीकडे पोचले. उरले.

छत्तीस.

तिने पुन्हा मोजलं. टेपच्या जागी मी असते तर त्या क्षणी खोटं बोलले असते, पण टेपला ते जमत नाही. छत्तीस.

"कधी झालं हे?" तिने हळू विचारलं.

"झालं हळूहळू."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो होतो. काही नाही म्हणाले. वय आहे, भूक कमी झालीय. एकट्याने जेवण जात नाही फारसं."

"मला सांगायचं नाही?"

त्यांनी पिळलेला हात बाहीतून सोडवला. मग चिडून नाही, अगदी साधं बोलले, "तू हं म्हणाली असतीस."

मी टेबलावर उघडी पडले होते. खरं सांगू? ती बाही चुकली याचा मला आनंद झाला होता. ड्रॉवरात ठेवलं ना मला, कागद कापलात ना, भोगा आता, असं मनात आलं होतं. त्या वाक्यानंतर मला माझीच लाज वाटली.

ते डेपोच्या मंडळींना भेटायला जुना स्वेटर घालून गेले. तिने मला पिशवीत टाकलं आणि हॉल लेकीच्या भरवशावर सोडून घरी आली. दिवसाउजेडी ती घरी आल्याचं पाहून शेजारीण दारात धावली, "काय गं, कुणाला बरं नाही का?"

"मला," मास्तरीण म्हणाली.

सोमवारी गठ्ठेवाला आला. पिशवी तिच्या काखेत होती, म्हणजे मीही होते.

"मास्तरीणबाई, पुढच्या हंगामाला दुप्पट काम देतो. हॉस्पिटलचेही कपडे आणलेत."

"मला नको."

"म्हणजे? दुसऱ्या कुणाला शब्द दिलात का?"

"दिला."

"कुणाला?"

"आमच्या यांना. अकरा वर्षं झाली."

तो हसला, थट्टा समजून. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

खरा सामना लेकीशी होता. पोरगी रडली नाही, भांडली. तिचं हेच मला आवडतं.

"आई, लोक काम शोधत वणवण फिरतात, आणि तू आलेलं घालवतेस?"

"घालवत नाही. तुला देते. हॉल तुझा, मशीन तुझ्या, बायका तुझ्या."

"आणि तू?"

"मी घरी. पुढच्या खोलीत. एका वेळी एकच कपडा."

"एका कोटापायी?"

"कोटापायी नाही. सहा इंचांपायी. सहा इंच माणूस माझ्या डोळ्यांसमोर कमी झाला, आणि मी शिंपीण म्हणवते."

"मग मीही काम सोडून बसू का? माझं वय आहे का ते?"

"तुला कोण बस म्हणतंय? तू धाव. माझी धाव झाली. एवढंच कर, आत दोन बोटं कापड ठेव."

"गठ्ठेवाला नाही ठेवू देणार."

"मग भांड त्याच्याशी. माझ्याशी छान भांडतेस की."

लेक चार महिने बोलली नाही. फोन यायचा, पण बाबांना.

तुम्हांला वाटेल, काम कमी केलं आणि मास्तरीण सुखात नांदू लागली. छे! पहिले काही आठवडे फार वाईट गेले. काम करायला शिकवणारे ढिगाने भेटतात, थांबायला शिकवणारा कुणी नसतो. ती सकाळी उठून तयार व्हायची आणि मग जायचं कुठे हे आठवून खाटेवर बसायची. रिकामे हात बघायची. कपबशीवर ओरडायची. त्यांनी लावलेली भांडी पुन्हा लावायची. शेवटी तेच वैतागले.

"मास्तरीण, मला दुपारी घरात कुणी असायची सवय नाही. जरा गप्प बसून दाखव."

"अकरा वर्षं गप्पच होते ना?"

"मग आज काय हंगाम आलाय बोलण्याचा?"

दोघं हसली, आणि मग दोघंही जेवली. ताटाशी एकटं बसण्यापेक्षा समोर कुणीतरी भांडत बसलं, की चार घास जास्त जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गिऱ्हाइकं तुटली. "एका पँटला पंधरा दिवस?" म्हणून एक जण कापड उचलून घेऊन गेला. ती म्हणाली, "जा बाबा, तुझी पँट तुझ्याआधी पोचली पाहिजे असेल तर जा." घरातही बऱ्याच गोष्टी कमी झाल्या. नवं काही येईना, जुनंच दुरुस्त व्हायला लागलं. मला तर ते बरंच वाटलं, मी स्वतःच जुनी. शाळेचा पहारेकरी मात्र परत आला, आता निवृत्त, पोट आणखी पुढे. तिने टेप धरला आणि विचारलं, "मुलगी कशी आहे?" तो तासभर बसला. मी खिळ्यावरून बघत होते. किती दिवसांनी मला खिळा मिळाला होता!

कोट सुरू करण्याआधी तिने मला धारवाल्याकडे नेलं. त्याने मला उन्हात धरून पाहिलं. "कागद कापलाय."

"कापलाय," ती म्हणाली. दुसऱ्याचं नाव नाही घेतलं.

कोटाला आठ दुपारी लागल्या. सगळे टाके तिने उसवले. लांबी गुडघ्यापासून कंबरेच्या खाली एवढी आखूड केली. ते स्वतःच म्हणाले, आता बस नाही, वारं नाही, एवढा लांब कशाला? खालून निघालेल्या पट्टीतून एक तुकडा काढला. चुकलेल्या बाहीवर पुन्हा खडू मारून ती उजवी केली, आणि जिथे कमी पडलं तिथे तो तुकडा काखेखाली जोडला. निळी रेघ रेघेला मिळवली. हात वर केला तरच जोड दिसतो. आणि छातीचं माप जे कमी झालं होतं, ते सगळं कापड तिने आत दुमडलं. बेचाळीसचं कापड छत्तीसच्या कोटात राहिलं. एक चिंधी टाकली नाही.

कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले. दोन्ही हात पुढे केले, मागे केले. "दोन्ही माझेच वाटतात," म्हणाले.

त्यानंतर चार हिवाळे झाले. लेक येते आता दर रविवारी. पहिल्यांदा आली तेव्हा आईने तिला खिडकीशी उभं करून माप घेतलं. "जेवतेस का वेळेवर?" असं विचारलं, तर फोनमध्ये बघत पोरगी म्हणाली, "हं."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. लेकीने ते पाहिलं. फोन टेबलावर पालथा ठेवला, माझ्या शेजारी. हॉल ती अजून चालवते, सहाच्या आठ मशीन केल्या आहेत. पण तिच्या शर्टांच्या आत आता एक बोट कापड असतं. दोन नाही, एक. गठ्ठेवाल्याशी भांडून मिळवलेलं. पुढचं बोट पुढे बघू.

मी आता म्हातारी झाले. धार लावून लावून माझ्या पाती निम्म्या उरल्या, खिळा सैल झाला, मिटताना आवाज येतो. मलाही कुणी मापलं तर वहीतल्या आकड्याशी जुळणार नाही.

यंदा पहिला गारठा पडला त्या रविवारी मास्तरणीने कोट काढला. दर वर्षी काढते, आणि दर वर्षी आधी माप घेते. ते खिडकीशी उभे राहिले. तिने टेप घातला, हात घातले, आणि हात जरा वेळ तिथेच राहिले. मी भिंतीकडे पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आहे तेवढंच."

वहीत तिने साडेचौतीस लिहिलं. मी खिळ्यावरून वाचलं.

शिवण उसवली. कापड आणखी आत घेतलं. आतली दुमड आता तळहाताएवढी रुंद झाली होती. एवढं जाड कापड आत असलं की कोट काखेत फुगतो, कुठलाही शिंपी ते कापून टाकेल. तिचा हात माझ्याकडे आला. मी उघडले, तयार झाले. हेच माझं काम, दुसरं मला येत नाही.

तिने मला फक्त बाजूला सरकवलं.

"आई, काप की ते," लेक म्हणाली. "किती फुगतंय."

"फुगू दे."

"पण कशाला ठेवायचं?"

"भरतील ते पुन्हा. थंडीत भूक लागते माणसाला."

ते हसले. "आणि नाही भरलो तर, मास्तरीण?"

तिने सुईत दोरा ओवला. एका दमात गेला नाही, दुसऱ्यांदा गेला.

"तर आत ऊब राहील," ती म्हणाली.

मी हळूच मिटले. लोहाराने मला कापायला केलं, आणि आयुष्यभर मी त्याचा तोरा मिरवला. पण माझ्या म्हातारपणी मला जे पाहायला मिळालं, ते न कापलेलं कापड आहे.

तुमच्याही घरात कुणीतरी कधीतरी म्हणालं असेल, "निवांत कर, घाई नाही." ते कापड कपाटाच्या तळाशी असेल. हातातलं खाली ठेवा आणि ते काढा. पण खडू उचलायच्या आधी जवळ जा, हात घाला आणि मोजा. वहीतलं माप वापरू नका. ते माणूस आता तेवढं नसतं.